मोठ्या अक्षरातली प्रत

“म्याडम, हार आनले, पेढे आनले, फोटोवाला बी येऊन बसला. पोरगा कुठी हाये म्हनून इचारलं तं दोघीबी चूप. मंग त्यातली एक म्हनते, पोरगा नाई जी, आमी दोघीच आहो. आता तुमीच सांगा, हार कोनं कोनाले घालाचा?”

फोन शालिकभाऊंचा होता. मी गोंदियाच्या कोर्टात बाररूमबाहेरच्या बाकावर बसून एका जामीन अर्जाचा नंबर यायची वाट पाहत होते. शालिकभाऊ आमगाव तालुक्यातल्या एका गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. गावाचं नाव सांगत नाही. गावानं काही वाईट केलेलं नाही, उलट चांगलंच केलं. पण त्या पोरी अजून तिकडेच राहतात आणि त्यांच्या दाराशी बघ्यांची रीघ लागलेली मला नको आहे.

तंटामुक्ती समिती म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. गावातली भांडणं गावातच मिटावीत म्हणून सरकारनं या समित्या काढल्या. बांधाचा वाद, पाण्याचा वाद, दारू पिऊन केलेली शिवीगाळ, असली प्रकरणं. पण आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे या समित्यांना एक वेगळंच काम चिकटलं आहे. घरून विरोध असलेले पोरगा-पोरगी समितीकडे अर्ज देतात. समिती दोघांची वयं तपासते, घरच्यांना बोलावते, समजूत घालते आणि ग्रामपंचायतीत हार घालून लग्न लावून देते. मग पेपरात फोटो येतो. मधे नवरा-नवरी, आजूबाजूला सरपंच, अध्यक्ष, पोलीस पाटील आणि मागे निम्मं गाव. हा फोटो एकदा छापून आला की भाऊ-काका गप्प बसतात. नुसत्या हारानं कायद्यात काही होत नाही, नोंदणी वेगळी करावी लागते. पण फोटोचा वचक कायद्यापेक्षा जास्त असतो, हे मी वकील असून मान्य करते.

शालिकभाऊंचा तर यात हातखंडा. स्वतःच्या दोन्ही पोरांची लग्नं त्यांनी पाहून-सवरून, पत्रिका जुळवून केली. दुसऱ्यांच्या पोरांची मात्र सरसकट लावून देतात.

या दोघींनी गावात आजवर जे पाहिलं तेच केलं होतं. प्रेम जमलं आणि घरचे ऐकेनात, तर समितीकडे जायचं. समितीच्या शिपायाला ‘प्रेमविवाह करायचा आहे’ एवढंच सांगितलं, आणि त्यानंही नेहमीप्रमाणे हार सांगून टाकले. शहरातल्या पोरींनी आधी वकील गाठला असता, एखादी संस्था शोधली असती. या थेट ग्रामपंचायतीत जाऊन खुर्चीवर बसल्या. चूकच होती ती. पण ऐकून मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले, कारण गावावर इतका भरवसा मी जन्मात कधी ठेवला नव्हता.

शालिकभाऊंनी मला फोन केला कारण विधी सेवेच्या पॅनेलवर मी आहे. म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी सरकार ज्या वकिलांना नेमतं, त्यातली एक. त्यांच्या गावात कायद्याची शिबिरं घेतलेली, नंबर देऊन ठेवलेला. मी विचारलं, दोघी सज्ञान आहेत का? आहेत, कागद पाहिले. घरच्यांना कळवलं का?

“कळवलं ना जी. नेमच हाये समितीचा. एकीची माय इथंच हाये. दुसरीचा बाप दरेकशाकडून गाडीनं येऊन रायला.”

तो बाप येणार म्हटल्यावर मी उठलेच. मी पोचेपर्यंत कोणाला कुठे पाठवू नका आणि कशावर सही घेऊ नका, असं बजावलं. जामिनाची फाईल बाररूममधल्या एका मित्राच्या हातात दिली. गोंदिया शहर हिंदीत बोलतं, तोही हिंदीतच म्हणाला, “मॅडम, अर्जंट मॅटर है क्या?” मी म्हटलं, शादी का मॅटर है. “शादी में वकील का क्या काम?” असं तो विचारत होता तेव्हा मी स्कूटी काढत होते.

आमगावचा रस्ता माझ्या पायाखालचा. धान कापून झालेलं, शेतातल्या बांध्यांमध्ये पुंजणे रचलेले. कापलेल्या धानाच्या गंजीला आमच्याकडे पुंजणा म्हणतात. त्या रस्त्यावर मी सारखी क्षमाताईंचा विचार करत होते. त्या कोण हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे.

मी बाईवर प्रेम करणारी बाई आहे. गोंदियात माझ्या घरात माझ्यासोबत कोण राहतं हे बाररूमला माहीत आहे. बाररूम विचारत नाही, मी सांगत नाही, दिवाळीचा फराळ मात्र दोघींच्या नावानं येतो. आज हे मी असं सहज लिहिते. नागपूरला लॉ कॉलेजात होते तेव्हा मला ठाम वाटायचं की हा काहीतरी आजार आहे आणि तो जगात फक्त मला झाला आहे. घरून एक स्थळ आलं होतं आणि मी हो म्हणायच्या बेतात होते. त्याच वेळी एका मैत्रिणीनं मला क्षमाताईंकडे नेलं. क्षमाताई बँकेत नोकरी करायच्या. रविवारी त्यांच्या क्वार्टरमध्ये चार-सहा जणांचा वाचनगट बसायचा. चहा, चिवडा आणि झेरॉक्स. आमच्यासारख्या माणसांबद्दल जे काही हाती लागेल ते त्या जमवायच्या, इंग्रजीतलं असलं तर स्वतः मराठीत उतरवायच्या आणि आमच्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायच्या. आमच्यासारखी माणसं म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर, बाई-पुरुषाच्या ठरलेल्या चौकटीत न बसणारे सगळे. त्या सगळ्यांना मिळून हल्ली क्वीअर म्हणतात. तो शब्द पूर्वी शिवी होती. ज्यांना शिवी दिली त्यांनीच ती उचलून आपलं नाव केलं, हेही मला तिथेच कळलं.

त्या वाचनगटात इतिहास मला लगेच आवडला. थिअरीचं नाव काढलं की झोप यायची. क्षमाताई म्हणायच्या, तू वकील होणार ना, मग थिअरी म्हणजे उलटतपासणी समज. उलटतपासणी म्हणजे समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराला आपण विचारलेले प्रश्न. ‘हे नैसर्गिक, ते अनैसर्गिक’ असं कोणी सांगितलं की विचारायचं, हे तुला कोणी सांगितलं? कधीपासून? त्यात कोणाची सोय होती? मी ते स्थळ नाकारलं. त्या रविवारांचे उपकार माझ्यावर इतके आहेत की ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

ग्रामपंचायतीत पोचले तेव्हा टेबलावर हार तसेच पडले होते, प्लास्टिकच्या पिशवीत, पाणी शिंपडलेले. फोटोवाला बाहेर पायरीवर मोबाईल पाहत होता. आत समितीचे सदस्य, पोलीस पाटील, शालिकभाऊ. भिंतीला लागून दोन खुर्च्यांवर त्या दोघी.

वैशाली आमगावच्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. तिचं घर दरेकशाच्या बाजूला, जंगलाकडच्या गावात. निकिता याच गावची, शिवणकाम करायची. निकिताच्या आईला काविळीसाठी दवाखान्यात ठेवलं होतं, तिथे या दोघींची ओळख झाली. आई बरी होऊन घरी आली, वैशालीचं येणं-जाणं थांबलं नाही. तिकडे वैशालीच्या घरी पाहुणे येऊन गेले होते. येत्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. त्याआधी समितीनं हार घालून दिले की झालं, असा या दोघींचा हिशेब.

निकिताची आई कोपऱ्यात चटईवर बसली होती. तिला कोणी काही विचारत नव्हतं, म्हणून मी विचारलं.

“मले काय इचारता बाई,” ती म्हणाली. “मी दवाखान्यात पडली होती तं या पोरीनं माह्यं सगळं केलं. भाचे-पुतने पाहाले बी नाई आले. राह्यते तं राहू दे. माह्यं काय जाते?”

खरा पेच वैशालीचा होता. मी येण्याआधी पोलीस पाटलांनी बोलून टाकलं होतं की दोन बायांनी असं राहणं गुन्हा आहे, तीनशे सत्याहत्तर कलम लागतं, दोघी आत जाल. माणूस वाईट नाही. त्यांनी ते कधीतरी ऐकलेलं, तेच सांगितलं. पण वैशालीनं ते ऐकल्यापासून तोंड उघडलं नव्हतं. नर्सची नोकरी, पोलीस केस, बापाची मान खाली, सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी पाटलांना शांतपणे सांगितलं की ते कलम इंग्रजांनी त्यांच्या देशातून आणून आपल्याला लावलं होतं. ते रद्द व्हावं म्हणून आपल्याच देशातली माणसं कितीतरी वर्षं कोर्टात भांडली. एकदा जिंकली, मग हरली, मग पुन्हा जिंकली. दोन हजार अठरापासून सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं असं राहणं गुन्हा नाही, आणि नव्या न्याय संहितेत तर ते कलमच ठेवलेलं नाही. पाटील म्हणाले, “असं का? मले कोनी कळवलं नाई.” खरं होतं त्यांचं. या पोरींनाही कोणी कळवलं नव्हतं.

मग शालिकभाऊंनी आपला तोडगा मांडला. त्यांनी तो मी येईपर्यंत मनात पक्का केला होता आणि त्यात त्यांची माया होती, हे मला आजही वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की दोघींनी समितीसमोर मानलेल्या बहिणी म्हणून लिहून द्यावं. वैशालीनं बापासोबत घरी जावं, साक्षगंध होऊ द्यावं. निकितानं करवली म्हणून लग्नात मिरवावं. पुढे सणावाराला येणं-जाणं ठेवावं, कोणी अडवणार नाही. सगळ्या सदस्यांच्या माना हलल्या. पेढे वाया जाणार नव्हते. सचिवानं पेनाचं टोपण काढलं. निकिता वैशालीकडे पाहत होती आणि वैशाली पेनाकडे.

मी म्हटलं, मला माझ्या दोघी क्लायंटशी एकांतात बोलायचं आहे. आमच्या धंद्यात याला इन्स्ट्रक्शन घेणं म्हणतात. पक्षकाराला नेमकं काय हवं आहे ते त्याच्याच तोंडून, इतर कोणी जवळ नसताना ऐकून घ्यायचं. बाईच्या बाबतीत तर हे सोडूच नये, कारण चारचौघांत बाई बहुतेक वेळा चारचौघांना हवं तेच बोलते. शालिकभाऊंनी बाजूची खोली उघडून दिली. तिथे डास मारायचं धुराचं यंत्र आणि निवडणुकीच्या जुन्या पेट्या होत्या. आम्ही तिघी पेट्यांवर बसलो.

“सही करू का?” वैशालीनं मला विचारलं. मी म्हटलं, ते तू सांगायचं. त्यावर तिनं जे विचारलं त्याची मी तयारी करून आले नव्हते.

“म्याडम, आमच्या आंधी असं कोनी होतं का जी? म्हंजे राह्यलं का कोनी असं, सगळी जिंदगी?”

तिनं मोबाईलवर शोधलं होतं. एकतर परदेशातले गोरे लोक दिसले, नाहीतर मोठ्या शहरांतले, नाहीतर दोन पोरींनी जीव दिल्याच्या बातम्या. यातलं पहिलं तिला जमणारं नव्हतं आणि शेवटचं तिला करायचं नव्हतं. नर्स होती, व्यवहारी होती. जे आजवर कोणी करून दाखवलं नाही ते आपल्यानं कसं होईल, एवढाच तिचा मुद्दा होता. त्यापेक्षा मानलेली बहीण बरी.

कायद्याचं कोणतंही कलम या प्रश्नाला उत्तर देत नाही. माझ्याकडे उत्तर होतं ते क्षमाताईंच्या झेरॉक्समधलं. मी सांगायला लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात, मी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं तेव्हा, सरकारी नोकरीतल्या दोन बायकांनी एकमेकींशी लग्न केलं होतं. फेरे घेऊन. नोकरी गेली त्यांची. पण त्यातल्या एकीच्या घरच्यांनी दोघींना घरात घेतलं. गुजरातेत मैत्रीकरार म्हणून एक प्रकार होता. मूळचा तो बायको असलेल्या पुरुषांनी दुसरीला ठेवण्यासाठी काढलेला, म्हणजे हेतू काही फार थोर नव्हता. पण दोन बायकांनी तोच करार उचलला आणि आपल्या एकत्र राहण्यासाठी वापरला. “पुरुषाच्या पळवाटेतून?” निकितानं विचारलं, आणि पहिल्यांदा हसली. मी तिला म्हटलं, आपल्या लोकांचा निम्मा इतिहास असाच आहे, दुसऱ्यांच्या पळवाटा शोधून काढलेला.

मग नागपूरचं सांगितलं. त्या वाचनगटात एक आजी यायच्या, निवृत्त मुख्याध्यापिका. आपल्या मैत्रिणीसोबत त्यांनी तरुणपणापासून एकच घर केलं होतं. मैत्रीण गेल्यावर लोक सांत्वनाला आले ते ‘तुमची शेजारीण गेली म्हणे’ असं म्हणत. आजींना ‘माझं माणूस गेलं’ असं म्हणायला शब्दच नव्हता. तो त्यांना आमच्या गटात मिळाला, तोवर त्या सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. मी वैशालीला म्हटलं, तू त्या कागदावर बहीण लिहिलंस तर तुझंही तसंच होईल. वाईट काही होणार नाही. फक्त जे आहे त्याला कधी त्याच्या नावानं हाक मारता येणार नाही.

बरं-वाईट दोन्ही सांगायला हवं होतं, म्हणून पुढचंही सांगितलं. लग्नाला कायदा आज मान्यता देत नाही. ते संसदेचं काम, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे. समितीनं हार घातले तरी ते कायद्यानं लग्न होणार नाही. पण एकत्र राहण्यापासून तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. बापही नाही, पोलीसही नाही, समितीही नाही. वैशाली सगळं ऐकत होती, नर्स डॉक्टरचं ऐकते तसं, एकेक गोष्ट मनात नोंदवत. मग तिनं निकिताचा हात धरला आणि म्हणाली, “मी सही नाई करत.”

इन्स्ट्रक्शन मिळाली. बाहेर आलो तर यशवंतजी येऊन बसले होते.

वैशालीचे वडील यशवंतजी रेल्वेत ट्रॅकमन होते, निवृत्त झालेले. लोक अजूनही गँगमनच म्हणतात. सडसडीत माणूस, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांचं घर छप्पन सालच्या धम्मदीक्षेचं, माझंही तसंच. ते बोलायला लागले आणि मी ओळखलं की हे विहारात वाचणारे गृहस्थ आहेत. आमच्यात पावसाळ्याचे तीन महिने वर्षावास असतो. रोज संध्याकाळी विहारात ग्रंथ उघडतात, एक जण मोठ्यानं वाचतो आणि वस्ती ऐकते. आमच्या वस्तीत माझे काका वाचायचे. त्या वाचणाऱ्या माणसाच्या आवाजाला एक सवय लागलेली असते, वाक्य पूर्ण करूनच थांबायची.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. मला तो जास्त सोपा गेला असता. ते पोरीला म्हणाले, चल. ती उठली नाही. मग ते समितीकडे वळून म्हणाले की पोरीला मी शिकवलं, नर्स केलं, आणि तिनं मोबाईलमधलं शहरी खूळ घरात आणलं. “आमच्यात असं कधी झालं नाई,” ते म्हणाले. “आमच्या खानदानात नाई, गावात नाई. कधीच नाई.”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. वैशालीच बोलली. मी तिला हे शिकवलं नव्हतं, ते मी शपथेवर सांगेन.

“बाबा, आज्यानं मेलेलं ढोर ओढाले नाई म्हनलं होतं, तेव्हा गाव काय म्हनत होतं?”

यशवंतजी तिच्याकडे वळले.

“तुमीच सांगतलं मले,” ती म्हणाली. “असं कधी झालं नाई, असंच म्हनत होतं गाव. तुमी विहारात काऊन वाचता दरवर्षी? आपल्या पोरायले मालूम असावं म्हनून वाचता ना, का आपल्या आंधी कोन होतं. आमच्या आंधी बी होते बाबा. आमाले कोनी वाचूनच नाई दाखवलं.”

मी वकिलीत पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत, त्यातले थोडे माझेही चांगले झाले असतील. असा मी ऐकलेला नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी फाईल चाळण्याचं सोंग करत होते.

यशवंतजींनी पाणी मागितलं. पूर्ण ग्लास प्यायले. मग पोरीकडे न पाहता म्हणाले, “पावन्यायले मी कळवतो. साक्षगंध नाई होनार.” आणि ग्लास टेबलावर ठेवत, “पन आताच घरी येऊ नको. तुह्या मायले, वस्तीले काय सांगू हे मले सुचून नाई रायलं. मले येळ दे.” ते तिला जवळ घेतील, डोक्यावर हात ठेवतील, असं काही झालं नाही. ओढून नेलं नाही, हेच त्या दिवशी पुष्कळ होतं. वैशालीनं मान हलवली.

आता समितीपुढे वेगळीच अडचण उभी राहिली. अर्ज आला म्हणजे त्याचा निकाल लिहायला हवा. सचिवाचा पेन तसाच उघडा होता. शालिकभाऊंनी हिशेब लावला.

“यशवंतजी, तुमची पोरीसंग तक्रार हाये का?”

“नाई.”

“बाई, तुमची?”

निकिताची आई म्हणाली, “कायले राहीन?”

“अन् तुमी दोघी भांडल्या का?”

दोघींनी नाही म्हणून मान हलवली.

“मंग तंटा हाये कुठी?” शालिकभाऊ सगळ्यांना उद्देशून म्हणाले. “ल्याहा. तंटा नाई.”

सचिवानं लिहिलं. त्याखाली मी एक वाक्य घालून घेतलं, की दोघी सज्ञान आहेत, आपल्या मर्जीनं एकत्र राहणार आहेत आणि त्यांना गावात कोणी त्रास देऊ नये. सगळ्यांच्या सह्या झाल्या. पोलीस पाटलांनी सही करताना मला हळूच विचारलं, त्या कलमाचं पक्कं आहे ना? मी म्हटलं, पक्कं. पेढे वाटले गेले, कशाबद्दल ते कोणी बोललं नाही. फोटो काढायचा नाही असं पोरींनी सांगितलं आणि फोटोवाला दोन पेढे घेऊन निघून गेला.

हार उरले. शालिकभाऊंनी पिशवी उचलून निकिताच्या हातात दिली. “फुलवाला वापस नाई घेत,” ते म्हणाले. “घरी घेऊन जा.” यापलीकडे एक शब्द नाही. त्या हारांचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही, विचारणारही नाही. पण तो माणूस आठवला की आजही मी मनातल्या मनात त्याचे आभार मानते.

परतताना आमगावच्या स्टँडवर चहाला थांबले आणि क्षमाताईंना फोन लावला. आता त्यांना ऐकायला कमी येतं, मला ओरडून सांगावं लागलं. चहावाल्यासकट सगळ्या स्टँडनं ऐकलं असेल. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “छान झालं. त्यांना वाचायला काय दिलंस?” मी काहीच दिलं नव्हतं. तोंडी सांगून आले होते. “म्हणजे पुढच्या अडचणीला पुन्हा तुलाच बोलावणार,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांच्या जुन्या झेरॉक्सची एक प्रत काढून मी त्याच आठवड्यात दोघींना पोचती केली.

पुढचा पावसाळा आला. वर्षावास सुरू झाला होता. एका दुपारी मी कोर्टातून बाहेर येत होते तर गेटजवळच्या झाडाखाली यशवंतजी उभे. हातात छत्री, खिशाला पेन. मला वाटलं, नोटीस वगैरे काही आली. तसं काही नव्हतं. वैशाली मधे एकदा घरी येऊन गेली होती. मुक्काम केला नाही, पण आईच्या हातचं जेवून गेली. “दुसरी पन आली होती,” ते म्हणाले. निकिताचं नाव त्यांच्या तोंडी अजून बसलं नव्हतं. जाताना पोरगी घरी कागदांचा गठ्ठा विसरून गेली. विसरली की ठेवून गेली, देव जाणे, असं मीच मनात म्हटलं.

“पाहून रायलो होतो वाचून,” यशवंतजी म्हणाले. “पन अक्षर लय बारीक हाये जी. झेरॉक्सची झेरॉक्स दिसते. चष्मा लावून बी दिसत नाई. तुमच्यापाशी मोठ्या अक्षरातली हाये का?”

माझ्याकडे नव्हती. मी त्यांना टायपिंगवाल्याकडे बसवलं आणि माझ्याजवळच्या प्रतीवरून पहिलं प्रकरण मोठ्या अक्षरात काढून घेतलं. त्यांनी ते बाकावर बसून वाचायला घेतलं. आधी मनात वाचत होते. मग सवयीनं आवाज फुटला आणि ते मोठ्यानं वाचायला लागले, वाक्य पूर्ण करून थांबत. बाजूच्या बाकावर तारखेला आलेली माणसं होती, ती ऐकत बसली. मीही बसले. वाचून झाल्यावर त्यांनी कागदांची नीट घडी केली आणि पुढचा भाग कधी मिळेल म्हणून विचारलं.

त्यानंतर माझ्या ऑफिसात दोन प्रती कायम असतात. एक साध्या अक्षरातली, क्लायंटसाठी. दुसरी मोठ्या अक्षरातली, क्लायंटच्या आई-वडिलांसाठी. दुसरी लवकर संपते.